जामटेकडीचं पाणी

"हाच तो विद्यार्थी," फिरके सर म्हणाले. "तुमच्या विहिरीचं पाणी यानंच आणलं होतं."

जामटेकडी पाड्यावरून आलेल्या करमसिंगने चपला व्हरांड्यात काढल्या आणि प्रयोगशाळेच्या उंबऱ्याशी येऊन अभिमनला हात जोडले. आपल्या निम्म्या वयाच्या पोराला.

"तुमचा कागद आला आणि आमच्या बायांचे पाय वाचले, भाऊ," तो म्हणाला. "आधी दोन मैल खाली झऱ्यावर जायच्या. कागदात विहिरीचं पाणी चांगलं लिहिलं, तवापासून पाडा बठ्ठा, सगळाच्या सगळा, विहिरीचंच पितो. पण महिन्यापासून पोरांची पोटं बिघडली. तिघं तर उठत नाहीत. एकदा परत तपासून द्या."

"देऊ की," सर म्हणाले. "अभिमन, उद्या रविवार आहे. जाऊन ये. करमसिंग, तुम्ही सोमवारी दुपारी कागद घेऊन जा."

अभिमनने मान हलवली. त्याला करमसिंगच्या तोंडाकडे बघवेना.

जामटेकडीला तो कधी गेलाच नव्हता.

पर्यावरणशास्त्र हा विषय त्या छोट्या कॉलेजात दोनच वर्षांपूर्वी, एकोणीसशे नव्वदला सुरू झाला होता. वर्गात अकरा जण आणि शिकवायला एकटे फिरके सर. प्रत्येकाने एका पाड्यावर जायचं, विहिरीची पाहणी लिहायची, पाण्याची बाटली भरून आणायची. तपासणी सर स्वतः करत. रसायनं मुलांच्या हाती द्यायची नाहीत, हा त्यांचा नियम होता. मग सरांच्या सहीचा अहवाल ग्रामपंचायतीकडे जायचा.

दिवाळीनंतर अभिमनची पाळी आली. शिरपूरहून सुटलेल्या एस.टी.ने त्याला फाट्यावर उतरवलं. पुढे सहा किलोमीटरचा चढ. त्या दिवशी टीव्हीवर मॅच होती. फाट्यालगत केळीच्या मळ्यात मोटर चालू होती, नळीतून स्वच्छ पाणी उसळत होतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, बाटली भरली आणि परतीची गाडी धरली. पाहणी त्याने घरी बसून लिहिली. विहिरीला पक्का कठडा आहे, शेजारी गुरं बांधत नाहीत. सरांनी ती वर्गात वाचून दाखवली होती. "याला म्हणतात क्षेत्रकाम," असं म्हणाले होते.

रविवारी तो सहा किलोमीटर चालला. वाटेत एकदाही बसला नाही.

विहिरीला कठडा नव्हता. काठाशीच चार गुरं बांधली होती आणि त्यांचं शेणमूत ओघळून थेट आत उतरत होतं. पाण्यावर हिरवट साय धरली होती. जवळच्या झोपडीतून दिवालीबाई नावाची म्हातारी बाहेर आली. कॉलेजचा पोरगा म्हटल्यावर तिने घाईघाईने घोंगडी अंथरली.

"तू मांगे उना तवय मी मजुरीले गयेल व्हसू," ती म्हणाली. "म्हनीसन मी तुले देखं नही."

तो मागे आला तेव्हा आपणच मजुरीला गेलो असू, म्हणून दिसला नाही, असं म्हणून तिने आपणहून त्याची बाजू सावरली होती. अभिमनला वाटलं, हिने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आत बाजेवर तिची नात रेशमा पडली होती. सात-आठ वर्षांची. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. म्हातारी तिला वाटीने पाणी पाजत होती. त्याच विहिरीचं.

"आजी, हे पाणी नका देऊ," अभिमनच्या तोंडून निघून गेलं.

"काब्र?" म्हातारीने कारण विचारलं. "तुमना कागदमा चांगलं लिखेल शे ना?"

तिने त्याच्यापुढेही तांब्या धरला. नको कसं म्हणणार? तो घटाघट सगळं प्यायला. मग बाटली भरली, बूच घट्ट लावलं आणि म्हणाला, "नवीन कागद येईपर्यंत झऱ्याचंच आणा. तेही उकळून पाजा. माझं ऐका." आणि तिने काही विचारायच्या आत तो उताराला लागला.

सोमवारी कॉलेज उघडताच तो सरांसमोर उभा राहिला. टेबलावर कागदांची चळत होती आणि सर सह्या करत होते.

"सर, मागच्या वेळी मी पाड्यावर गेलोच नव्हतो," तो एका दमात म्हणाला. "केळीच्या मळ्यातलं पाणी आणलं होतं. पाहणी मनाने लिहिली. माझ्यामुळे ती पोरं आजारी पडलीत. मला काय हवी ती शिक्षा करा. कॉलेजातून काढून टाका."

सरांचं पेन थांबलं.

"आणखी कोणाला सांगितलंस?"

"नाही सर."

"सांगू नकोस. पाणी कुठलंही असो, तू एवढं मनाला लावून घेऊ नकोस."

"पण सर, चूक माझी—"

"तुझ्या एकट्याची नाही," सर हळूच म्हणाले.

अभिमनचे डोळे भरून आले. आपण एवढं पाप केलं आणि हा देवमाणूस वाटा स्वतःकडे घेतो आहे! त्याला जास्तच ओशाळल्यासारखं झालं. त्याने वाकून सरांच्या पायांना हात लावला. सरांनी पाय किंचित मागे घेतले. मग चळतीतला एक कागद ओढला, खाली सही केली, शिक्का मारला आणि त्याच्या हातात दिला.

"दुपारी करमसिंग येईल. त्याला दे."

अभिमन व्हरांड्यात आला. डोळे पुसून त्याने कागद वाचला. जामटेकडी पाडा, सार्वजनिक विहीर, फेरतपासणी. आजची तारीख. खाली सात ओळींत सात आकडे, दशांशासकट, नीट टाइप केलेले. शेवटी निष्कर्ष: पाणी पिण्यास योग्य.

विहिरीच्या पाण्याची बाटली अजून त्याच्या खांद्यावरच्या पिशवीतच होती.