पहाटेचा आकडा

"कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण आज पहाटे तळ्यातलं पाणी माझ्याशी बोललं," थोरला म्हणाला.

समोर तळंभर मासे पोटं वर करून तरंगत होते. व्यापाऱ्याची गाडी उद्या यायची होती. धाकटा कमरेइतक्या पाण्यात उभा राहून मेलेले मासे जाळीनं काठाकडे ओढत होता. वर्षभर स्वतःच्या हातानं खाऊ घातलेले मासे. त्याला रडूही येत नव्हतं.

दोघा भावांची कामाची वाटणी सरळ होती. पाणी थोरल्याचं, खाद्य धाकट्याचं. रोज उजाडायच्या आत थोरल्यानं तळ्यात मीटर बुडवायचं, पाण्यात प्राणवायू किती ते पाहायचं आणि काठावरून आकडा ओरडायचा. आकडा घसरला तर धाकट्यानं खाद्य आवरायचं, पंखे लावून पाणी घुसळायचं. थोरल्याचा आकडा कधी नुसता यायचा नाही. "पाच! मासे आत शिट्ट्या मारतायत!" "साडेपाच! एकानं तर मला डोळा मारला!" खाद्याच्या खोलीत धाकटा हसत हसत टोपली भरायचा. दादाच्या निम्म्या गोष्टी थापा असतात, हे त्याला ठाऊक होतं. पण आकडा म्हणजे आकडा.

"बोललं म्हणजे?" धाकट्याच्या मेव्हण्यानं विचारलं. खाद्य पुरवणारा तोच. बातमी कळताच धावत आला होता.

"म्हणालं, मला विष चारलंय! मी मीटर खोल बुडवलं. आकडा पाच, एकदम खणखणीत. तेवढ्यात तुझ्या कालच्या पोत्यांतून हिरवी वाफ उठली आणि सळसळत तळ्यात शिरली. डोळ्यांदेखत! मी सदरा काढून तिला हाणतोय, हाणतोय…"

"दादा, वाफबीफ राहू दे," धाकटा म्हणाला. "आकडा खरंच पाच होता?"

"आईशप्पथ!"

धाकटा पाण्यातून बाहेर आला. पाणी चांगलं होतं, तर मग उरलं काय? खाद्यच. तो मेव्हण्यासमोर उभा राहिला.

"उचल तुझी पोती. आणि पुन्हा या घराची पायरी चढू नकोस. बहिणीला भेटायचं तर बाहेर कुठेतरी भेट."

"भाऊजी, अहो, माझ्या खाद्यानं…" मेव्हणा पोत्यांकडे वळला.

"जाऊ दे रे त्याला," थोरला मोठ्या मनानं म्हणाला. "माणूस चुकतो. मी मीटर पाहिलं नसतं, तर पाण्यावरच आळ आला असता."

आई चहा घेऊन आली होती. कप तसेच हातात धरून ती थोरल्याकडे बघत राहिली.

"कुठल्या मीटरात पाहिलास रे? ते फळीवर धूळ खात पडलेलं, म्हणून त्यातले सेल मी गेल्या महिन्यातच काढून घड्याळात घातलेत."