सव्वा तासाचं विमान

कुंदाच्या हातात डॉक्टरांनी दिलेला संमतीचा फॉर्म होता आणि काका आपल्या पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवत होते.

"सही मुलाची पाहिजे," काका म्हणाले. "प्रफुल्ल येऊन राहिला ना. पुणे ते नागपूर, विमानानं सव्वा तास. तेवढं थांबवत नाही तुला?"

आत आईच्या आतड्याला पीळ पडला होता. तासाभरात ऑपरेशन करायला हवं, असं डॉक्टर सांगून गेले, त्यालाही वीस मिनिटं झाली होती. हा सव्वा तास कुंदा सात वर्षं ऐकत आली होती. "आई, मी काय लांब आहे?" असं प्रफुल्ल दर दिवाळीला फोनवर म्हणायचा आणि आई ते शेजारणींना कौतुकानं सांगायची. कुंदा दर पंधरवड्याला यवतमाळहून एसटीनं यायची. ते साडेतीन तास आईनं कधी कुणाला सांगितले नव्हते.

काकांना ऐकू जावं म्हणून तिनं स्पीकर लावून भावाला फोन केला. "कुठे आहेस?"

"घरीच. दुपारची मीटिंग आटोपली की निघतो. सव्वा तासाचं तर विमान आहे, ताई."

कुंदानं फोन ठेवला आणि काकांच्या खिशातलं पेन काढून घेतलं. 'रुग्णाशी नाते' या रकान्यात तिनं 'मुलगी' लिहिलं, खाली सही केली आणि फॉर्म नर्सला दिला.

"तो आल्यावर काय सांगू त्याला?" काका पुटपुटले.

"सांगा, आईजवळ तासच होता."