वर्ना काकूंचा बर्फ

थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की सासूबाई भाजायच्या आणि सोबतचे पदार्थ बाकीच्यांनी आणायचे, अशी त्या घरची रीत होती. नव्या सुनेला, कोरिनला, सोपं म्हणून लोणी-दूध घालून घोटलेले बटाटे सांगितले होते. धाकट्या चुलतसासूबाई, वर्ना काकू, दरवर्षीप्रमाणे फक्त बर्फ आणणार होत्या. नवी नवरी असताना त्यांनी रताळ्यांत साखरेऐवजी मीठ घातलं होतं; तेव्हापासून त्यांना कुणी काही करायला सांगितलंच नव्हतं.

आपलीही वर्ना काकू होऊ नये, म्हणून कोरिन सकाळपासून बटाटे घोटत होती. जेवताना भांडं बघता बघता रिकामं झालं.

"हात चांगला आहे गं तुझा!" सासूबाई म्हणाल्या. "आता दरवर्षी बटाटे तुझेच. ग्रेव्ही आणि भोपळ्याची गोड पाईही तूच कर."

"वर्ना, बर्फ मात्र यंदा झकास जमलाय हं!" सासरे म्हणाले आणि सगळे खो-खो हसले. काकूही हसल्या.

कोरिनला फार वाईट वाटलं. भांडी विसळताना ती हळूच म्हणाली, "काकू, पुढच्या वर्षी तुम्ही रताळी करा. मी शिकवते, कुणाला कळणारसुद्धा नाही."

काकूंनी आधी दाराकडे पाहिलं, मग तिच्या कानाशी वाकल्या.



"अगं वेडे, पहिल्याच वर्षी इतकं चांगलं करतात का?"