तिसऱ्यातच अडकलेला गिअर

म्हाताऱ्याच्या चार लाख किलोमीटर पळालेल्या ऑटोमॅटिक गाडीचं महिनाभर एकच दुखणं होतं. डॅशबोर्डवर दिवा लागायचा आणि गिअर तिसऱ्यातच अडकून बसायचा. दोन मेकॅनिकांनी हात टेकले. "बाबा, गिअरबॉक्स गेला. आता भंगारात काढू या," मुलगा म्हणायचा, तरी रोज कामावरून आला की टॉर्च धरून बापाबरोबर बिघाड शोधायला उभा राहायचा. म्हाताऱ्याला वाटायचं, पोरगा किती जीव लावतो. शेवटी एका इलेक्ट्रिशियन बाईंनी गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या वायरींना मीटर लावला आणि त्यातल्या एकीवरची टेप सोलली. "काका, गिअरबॉक्स ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "ही वायर झिजलेली नाही. कोणीतरी पक्कडीने कापून वरून टेप गुंडाळलीय." म्हाताऱ्याने मुलाकडे पाहिलं. मुलाची मान खाली गेली होती. "तुमची नजर कमी झालीय, बाबा. गाडी सोडा म्हटलं असतं, तर ऐकलं असतंत?" "किल्ली मागून तरी बघायचीस. हातात ठेवली असती," बाप म्हणाला. "आणि महिनाभर माझ्या शेजारी टॉर्च धरून काय शोधत होतास रे?" बाईंनी वायर जोडली. दिवा विझला, गिअर लोण्यासारखे पडू लागले. म्हाताऱ्याने किल्ली बॉनेटवर ठेवली आणि तो पायीच निघाला. मुलगा गाडी घेऊन त्याच्या बाजूने हळूहळू येत राहिला, काच खाली करून "बसा ना, बाबा" म्हणत राहिला. चौकात म्हातारा थांबला. सिग्नल लाल आहे की हिरवा, हे त्याने एका अनोळखी माणसाला विचारलं.