ओला माल

पालिकेचा साहेब बोटीतून उतरला, तेव्हा बोर्गहिल्ड किनाऱ्यावर शेपटीला शेपटी बांधून कॉड मासे दांडीवर वाळत घालत होती. “आजी, गावात जेमतेम तेवीस माणसं उरलीत. ईस्टरनंतर बोट इथे थांबणार नाही. सही करा, शहरात उबदार घर मिळेल.” त्याने गाव सोडण्याच्या संमतीचा कागद पुढे केला. “युद्धात जर्मनांनी गाव जाळलं, तेव्हा माझी आई पालथ्या होडीखाली हिवाळाभर राहिली, हलली नाही,” बोर्गहिल्ड म्हणाली. “तो काळ गेला, आजी. आता हट्ट कशाला?” बोर्गहिल्डने कागद घेतला. साहेबाने लगबगीने पेन काढलं. तिने मात्र कागदाची सुरळी केली, दोन माशांच्या शेपट्यांमध्ये करकचून बांधली आणि ती जोडी सर्वांत उंच दांडीवर टांगली. “ओल्या मालाचा सौदा आम्ही करत नाही, साहेब. जूनमध्ये हे वाळलं की होडी वल्हवत या. मासे उतरवायला माणसं कमीच पडतात.”