सरदाराची पकड

"उजवा का डावा?" असं म्हणत अहिल्याने लेकीचं मनगट पकडलं.

लांजीच्या किल्ल्यातली राजकन्या पळते आहे. सरदार मागून येऊन तिचं मनगट धरतो, बांगड्या फुटतात आणि तिचा एक पाय मागे जातो. कोणता, एवढ्यावर अहिल्याचं अडलं होतं. करून पाहिल्याशिवाय ती ओळ लिहीत नसे. तिच्या सगळ्या ऐतिहासिक प्रेमकथा आधी बालाघाटच्या या स्वयंपाकघरात घडायच्या आणि मग कागदावर उतरायच्या. मंजुषा फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून राजकन्या तीच. सरदार अहिल्या. खलबत्त्यातला लोखंडी बत्ता म्हणजे तलवार. फोडायला जुन्या काचेच्या बांगड्या बिस्किटांच्या डब्यात जमवून ठेवलेल्या.

पूर्वी मंजुषा हसून बेजार व्हायची. सरदाराला गुदगुल्या करून निसटायची, आणि राजकन्येनं जरा रीतीनं वागावं म्हणून अहिल्या तिच्यावर डाफरायची.

आज अहिल्याने मनगट पिरगाळलं मात्र, मंजुषा कोणताच पाय न हलवता खाली गेली. पिरगाळलेल्या हाताबरोबर अंग वळवत, गुडघ्यांवर, दुसरं कोपर तोंडापुढे धरून. पापणी लवायच्या आत. बांगडी एकही फुटली नाही.

"असं नाही वो," अहिल्या म्हणाली. "राजकन्या हाये. ताठ उभी राहीन."

"वाकलं का कमी दुखते," मंजुषा खालूनच म्हणाली.

अहिल्याने बत्ता ओट्यावर ठेवला. पहिल्यांदा तो काठावरच ठेवला गेला, मग तिने आत सरकवला. मे महिन्यात पोरगी पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून लालबर्राच्या सासरहून आली होती, आणि आई तिला उसाचा रस पाजत होती. अहिल्याने बाही वर केली. एका बाजूला चार बोटं, दुसऱ्या बाजूला अंगठा. वरची निळी, खालची पिवळी पडलेली. कानामागे रुपयाएवढ्या जागेत केसच नव्हते.

काहून सांगितलं नाही, हे विचारायला अहिल्याने दोनदा तोंड उघडलं.

"तुह्ये सारे सरदार तिसऱ्या प्रकरणात मनगट धरतात अन् नवव्यात पाय धरतात," मंजुषा बांगड्या सारख्या करत म्हणाली. "मले वाटलं, आमचं सहावं-सातवं चालू असन."

फाटकाशी गाडी थांबली. जावई. राइस मिलवाल्यांचा पवन दार वाजवत नसे, सरळ आत येई. हातात पेढ्यांचा डबा, चेहरा हसरा. ओट्यावरचा बत्ता त्याने पाहिला आणि त्याला गंमत वाटली.

"चालू हाये का मम्मी, नाटक? माही बहीण नेहमी विचारते, सरदार कोणाले पाहून लिवतात म्हणून. मी सांगतो, मले पाहून."

मग त्याने बायकोला बॅग भरायला सांगितलं. मंजुषाने आईकडे पाहिलं. अहिल्या म्हणाली की मंजुषा येणार नाही. आज नाही आणि पुढेही नाही. आपला आवाज तिला स्वतःलाच पुस्तकी वाटला.

पवनने पेढ्यांचा डबा अलगद खाली ठेवला. हात मोकळा झाल्यावर त्याने मंजुषाचं मनगट धरलं. अंगठा नेमका आतल्या शिरेवर. ही पकड अहिल्याला पाठ होती. कितीदा तिने ती रंगवून लिहिली होती, आणि अंगावर गोड काटा आला म्हणून कळवायला बायकांनी फोन केले होते. बांगड्या फुटल्या. काच मनगटात रुतली आणि रक्त कोपराकडे धावलं. मंजुषा वाकायला लागलीच होती.

अहिल्याने बत्ता उचलून हाणला. तो खांद्यावर बसला. तिच्या पुस्तकांत अशा वेळी कडाड असा आवाज व्हायचा. हा ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा झाला. पवनने बायकोला सोडलं आणि सासूचा अंबाडा धरला. तिचं डोकं त्याने ओट्याच्या कडेवर आपटलं. भुवई फाटली. बत्ता हातातून सुटून मंजुषाकडे घरंगळला. तिने फरशीवर अंग टाकलं तरी त्याने केस सोडले नाहीत; दुसऱ्यांदा आपटायला तो तिला केसांनीच वर ओढू लागला.

एका डोळ्यात रक्त गेलेलं. दुसऱ्याने अहिल्याला फक्त पाय दिसत होते. पवनचे चकचकीत बूट. फुटलेल्या काचांच्या पलीकडे मंजुषाचे अनवाणी पाय. अशा वेळीही तिच्या डोक्यात तेच आलं, उजवा का डावा, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

उजवा हलला. काचेवर पडला, कच्च करून आवाज आला, आणि तो तिथेच टेकला. मग डावा. दोन्ही पाय पुढे आले होते.

बत्ता पवनच्या हाताच्या हाडावर बसला. केसांतली मूठ उघडली. दुसरा घाव गुडघ्यावर पडला आणि पवन खाली गेला. लोंबता हात पोटाशी धरून तो बायकोकडे बघत राहिला, एवढं ओझं ती उचलते हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं अशा तोंडाने.

मंजुषाने बत्ता पुन्हा वर धरला.

"वाका," ती म्हणाली, जेवायला बसा म्हणावं तशा आवाजात. "वाकलं का कमी दुखते."