वळणाआधीचा आवाज

“आता बघा,” म्हणत इलेक्ट्रिशियनने इंडिकेटरची दांडी खाली ओढली आणि गाडीचा डावा दिवा घाबरल्यासारखा भराभर उघडझाप करू लागला. डॅशबोर्डच्या पोटातून तितक्याच घाईची टकटक ऐकू आली.

“हे काय झालं याला?” काकांनी विचारलं. गाडी त्यांची. पंचेचाळीस वर्षांची, गोल डोळ्यांची, आणि काकांच्या मते आजकालच्या कुठल्याही गाडीला पाणी पाजेल अशी.

“काही नाही हो. हे एलईडी बल्ब वीज फार कमी खातात. दिवा उघडझाप करणारी ही जी जुनी डबी आहे ना, फ्लॅशर, तिला वाटतं बल्ब उडालाय. बल्ब उडाला की ती अशीच घाई करते, चालवणाऱ्याला कळावं म्हणून. तीही बदलून टाकू.”

सकाळपासून काम चाललं होतं. हेडलाइट झाले, मागचे लाल दिवे झाले. खरं तर काका आले होते इंडिकेटरसाठीच. गेल्या आठवड्यात वळताना मागून आलेला ट्रक त्यांच्या बंपरपासून हातभर अंतरावर कसाबसा थांबला होता. “दिवा पेटतो का तुमचा, की नुसता शोभेला लावलाय?” असं ट्रकवाल्याने वर ऐकवलं. काका भांडायला उतरले, पण मागे जाऊन बघतात तो भर उन्हात दिवा लागलाय की नाही हे त्यांनाही सांगता येईना. आणि शेजारच्या सीटवर काकू होत्या. तेव्हापासून काकांना रात्री नीट झोप लागत नव्हती.

काकू आत्ताही त्याच सीटवर बसल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. तेव्हापासून बाहेर जायचं तर याच गाडीतून आणि काकांच्याच शेजारी बसून. “जावयाच्या गाडीत जीव मुठीत धरून बसते,” काकांनी सकाळी आल्या आल्या सांगितलं होतं. “माझ्या शेजारी कशी निवांत असते बघा. माझ्या हातावर भरवसा आहे तिचा.” काकूंनी तेवढ्यात मांडीवरची पर्स सावरून घेतली होती.

इलेक्ट्रिशियनने डॅशबोर्डखाली हात घालून जुनी डबी काढली. काडेपेटीएवढी, पत्र्याची, एका कोपऱ्यात चेपलेली. तिच्या जागी नवी बसवली. दिवा एकदम शहाणा झाला. एका लयीत, लख्ख, समोरच्या भिंतीवर उजेड पडेल असा. आवाज मात्र काही नाही. नव्या डबीत वाजायला काही नव्हतंच.

“ह्याला म्हणतात दिवा!” काका म्हणाले. “चला, एक चक्कर मारून येऊ.” इलेक्ट्रिशियन मागे बसला.

पहिल्याच वळणाला काकूंचा खांदा दारावर आपटला. त्यानंतर त्यांनी खिडकीची कड जी धरली ती सोडलीच नाही. गाडी तर सायकलच्या वेगाने चालली होती. तिसऱ्या वळणापर्यंत काकूंनी दोन्ही पाय पुढे रोवले होते आणि ओठ घट्ट मिटले होते. इलेक्ट्रिशियनला मागून दिसत होतं. काकांनाही दिसत होतं.

वर्कशॉपमध्ये परत येऊन काकांनी इंजिन बंद केलं. “काय गं? बरं वाटत नाही का?”

“टकटक कुठे गेली?”

“कसली टकटक?”

“अहो, वळण अंगाला कळतं, पण कळेपर्यंत ते होऊन गेलेलं असतं. ती टकटक आधी सांगायची. आठ-दहा वाजले की वळलोच. तेवढ्यात मी सावरून बसायची. जावई तर दिवा लावतच नाहीत. दवाखान्याच्या वळणाला चौदा. तिथे तुम्ही उगाच लवकर लावता.”

काका स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. तीन वर्षं जिला ते आपल्या हातांची करामत समजत होते, ती त्या चेपलेल्या डबीची होती. त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली.

“मग हे आधी सांगायचं नाही का?”

“सांगणार होते. पण तुम्ही इतक्या कौतुकाने सांगत सुटला होता सगळ्यांना.”

इलेक्ट्रिशियन खाली उतरला. नवरा-बायकोच्या मध्ये उगाच बसून राहणं त्याला बरं वाटेना. “काकू, जुनं सगळं होतं तसं बसवून देऊ का? अर्ध्या तासाचं काम आहे.”

काकूंनी हात पुढे केला. त्याने जुनी डबी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती कानाशी धरून हलवली, अंगठ्याने तिचा चेपलेला कोपरा चाचपला आणि पर्समध्ये टाकली.

“नको,” त्या म्हणाल्या. “मागच्याला दिसायला हवं. यांनाही झोप लागायला हवी.”

“आवाज करणारा फ्लॅशरही मिळतो. मागवतो मी. पण चार दिवस लागतील.”

“मागवा,” काका म्हणाले, आणि गाडी सुरू केली.

फाटकापाशी गाडी थांबली. उजवा दिवा गुपचूप उघडझाप करू लागला. इलेक्ट्रिशियनने दुकानाला लावायला फोन काढला, पण कानाशी नेला नाही. गाडीच्या उघड्या खिडकीतून आवाज येत होता. टक्, टक्, टक्, टक्. काका मान वळवून रस्ता बघत होते आणि जीभ टाळूला लावून वाजवत होते, दिव्याच्या चौपट घाईने.

“अहो, सावकाश,” काकू म्हणाल्या. “इतकं भराभर वाजलं की बल्ब उडाला असं समजतात.”